काळा झगा उन्हात घालत नाहीत

उल्स्टर म्हणजे काही मोठी नदी नव्हे. भर उन्हाळ्यात आमच्या वाइडेनफुर्टच्या उतारावरून गाय पोटाला पाणी न लागता पलीकडे जाते. वर हिल्डर्स आणि टान, मग गाइझा आणि बुटलार, अशी गावं तिच्या खोऱ्यात एकामागोमाग बसली आहेत. नदी पश्चिम जर्मनीच्या हद्दीत उगम पावते, मध्येच पूर्व जर्मनीच्या हद्दीत शिरते आणि खाली जाऊन पुन्हा पश्चिमेत निघून जाते. तिला कुणी कधी परवाना विचारला नाही. माणसांसाठी मात्र पाण्याच्या मधोमध एक रेघ ठरवून टाकली होती, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या रेघेपायी माणसं जिवाला मुकत होती.

बावन्न सालापासून आणखी एक नियम होता. बाहेरच्या माणसाला सांगितला तर तो आधी हसतो. पलीकडे पाहून हात हलवायचा नाही. हाक मारायची नाही, टोपी उचलायची नाही. पलीकडच्या काठावर सख्खा भाऊ उभा असला तरी आपण झाडं बघतोय असं दाखवायचं. पूर्वेच्या काठावरच्या आमच्या गावानं हे इतकं अंगवळणी पाडून घेतलं की पुढे पुढे बाजारातसुद्धा कुणी हात उंचावून कुणाला बोलवेना.

वाल्बुर्गा हाइरिश या गावचे कपडे धुणारी बाई. गावाच्या अगदी टोकाचं घर तिचं. घराची पाठ रस्त्याला आणि अंगण नदीला. अंगणापुढे कुरण, कुरणापुढे काटेरी तार, तारेपुढे पावलं उमटावीत म्हणून नांगरून ठेवलेला उघडा पट्टा, मग वाळुंजाची झाडी आणि नदी. नदीच्या पलीकडे लगेच पाणचक्की. मधलं अंतर म्हणाल तर मुलांनी धावत जावं एवढंच.

तिचा नवरा एंगेलबर्ट त्रेचाळीस साली रशियात गेला तो परत आलाच नाही. एक छापील कागद आला, त्यावर त्याचं नाव तेवढं हातानं लिहिलेलं. थडगं नाही, त्यामुळे मातीही नाही. आमच्याकडे माणूस पुरताना जवळच्या प्रत्येकानं तीन मुठी माती टाकायची असते, आणि पहिल्या तीन मुठी सगळ्यात जवळच्याच्या. एंगेलबर्टला त्या मिळाल्या नाहीत, हे वाल्बुर्गाच्या मनाला कायमचं लागून राहिलं. नवरा गेल्याचं दुःख तिनं कधी बोलून दाखवलं नाही, पण कुणाच्याही दफनावरून परतली की म्हणायची, "याला निदान माती तरी मिळाली."

एकुलता एक मुलगा किलियन. साठ सालच्या हिवाळ्यात सामुदायिक शेतीच्या कागदावर सही करा म्हणून घरोघर माणसं फिरू लागली, तेव्हा त्यानं सही करायच्या ऐवजी नदी ओलांडली. तेव्हा नुसतीच तार होती. जायच्या आधी स्वयंपाकघरात बूट घालता घालता तो म्हणाला होता, "आई, तू पण चल."

"म्हातारीला कुठे टाकू?" वाल्बुर्गाची आई तेव्हा ब्याऐंशीची होती, खाटेला खिळलेली. "तू जा. पण एक सांगून जा. माझ्या मातीला कोण येणार?"

"मी."

"कसा? तुला कळणार कसं?"

तो पलीकडच्या चक्कीवर कामाला राहणार होता. मग त्या दोघांनी दहा मिनिटांत एक भाषा ठरवली. सोमवार हा धुण्याचा दिवस. दोरीच्या चक्कीकडच्या टोकाला निळा एप्रन दिसला म्हणजे सगळं ठीक आहे. चक्कीच्या माळ्यावरची झडप एरवी बंद असते; ती उघडली म्हणजे त्यानं पाहिलं. आणि काळा झगा दिसला म्हणजे वाल्बुर्गा या जगात नाही.

काळाच का, तर काळा कपडा आमच्याकडे कुणीच बाहेर वाळत घालत नाही. उन्हानं काळ्याचा रंग विटून तांबूस होतो. सुतकाचा झगा बाईला आयुष्यभर पुरवायचा असतो, म्हणून तो कोठारात, सावलीतच वाळवायचा. वाल्बुर्गासारखी कपड्यांतली जाणकार बाई काळं उन्हात टाकणं शक्यच नव्हतं. चुकूनही होणार नाही अशी खूण त्यांनी शोधली होती.

मेल्यावर आपला झगा बाहेर घालणार कोण, याचीही तजवीज तिनं केली. पाद्रीबाबांना तिनं ते कबुलीजबाबात सांगून टाकलं, म्हणजे त्यांना ते दुसऱ्या कुणाला सांगायची सोयच उरली नाही. पाद्रीबाबा जाळीपलीकडून म्हणाले, "मला चिमटे लावता येत नाहीत, वाल्बुर्गा." ती म्हणाली, "मग शिका."

बाकी कुणालाही सांगितलं नाही. शेजारच्या ओटिली गोम्बर्टलाही नाही. ओटिली म्हणजे रोज उठून हिच्याकडे कॉफी पिणारी, मनानं लोण्याची आणि तोंडानं फाटकी. पण जे माहीत नाही ते चौकशीत तोंडातून निघत नाही, हे त्या खोऱ्यात शेंबडं पोरही जाणून होतं. माणसं एकमेकांवर प्रेम असलं की एकमेकांपासून गोष्टी लपवायची. आमच्याकडे मायेची तीच रीत झाली होती.

पळून गेलेल्याच्या आईला नदीकाठी कसं राहू दिलं, असं कुणीही विचारील. एकसष्ट साली पहाटे मालमोटारी आल्या आणि अशी बारा घरं उचलून आत दूर कुठेतरी नेऊन टाकली. वाल्बुर्गा वाचली, कारण सीमेवरच्या शिपायांच्या चादरी तीच धूत होती. चाळीस शिपायांच्या चादरी. त्यांना नीळ घातलेल्या, कडक चादरींची सवय लागली होती. हिला हाकललं तर धुणार कोण? शिपायांच्याच चादरींच्या आडून ती मुलाशी बोलत होती, आणि हे मनात येऊन कधी कधी तिला एकटीलाच हसू फुटायचं.

तीन वर्षं ती भाषा चालली. एका सोमवारी झडप उघडली आणि खाली चक्कीच्या दारात किलियन एका मुलीला घेऊन उभा राहिला, मुलीच्या डोक्यावर नवरीचं पांढरं वस्त्र. वाल्बुर्गानं घरातले होते नव्हते ते सगळे उशांचे अभ्रे धुवायचे नसतानाही दोरीवर चढवले. वर्षभरानं चक्कीच्या अंगणात दोरी बांधली गेली आणि तिच्यावर छोटे छोटे चौकोनी लंगोट फडफडू लागले. त्या दिवशी ओटिलीनं विचारलं, "काय ग, रडतेस काय?" वाल्बुर्गा म्हणाली, "साबण गेला डोळ्यात."

बासष्टच्या मे महिन्यात म्हातारी गेली. किलियनला ते पत्रानं कळलं, तेही तीन आठवड्यांनी, कुणीतरी आधी उघडून वाचलेल्या पत्रानं. त्याच उन्हाळ्यात नदीच्या आमच्या काठानं सुरुंग पेरले. पलीकडच्यांनी उभं राहून ते पाहिलं. कुठे पेरले, कुठे नाही, हे किलियनला पाठ होतं. वाळुंजाखालचा जुना उतार मोकळा होता, कारण तिथे नुसते गोटे, खणता येत नाही. पण त्यानंतरचा हिवाळा फार वाईट गेला. नदी तळापर्यंत गोठली. मार्चमध्ये बर्फ वितळलं तेव्हा पाणी काठ सोडून कुरणात चढलं आणि जाताना बरंच काही उचलून घेऊन गेलं. लाकडी पेटीतले सुरुंग पाण्यावर तरंगतात. ते कुठे गेले आणि कुठे अडकले, याचा नकाशा कुणाकडेच नव्हता.

त्रेसष्टच्या मेमध्ये वाल्बुर्गाचं आईच्या सुतकाचं वर्ष पुरं झालं. गुरुवारी तिनं काळा झगा धुतला, नेहमीप्रमाणे कोठारात टांगला. पण कोठार त्या वसंतात सामुदायिक शेतीनं ताब्यात घेऊन खताची ओली पोती रचून ठेवली होती. हवा खेळेना. रविवारी प्रार्थनेहून येताना ओटिलीनं कोठारात डोकं घातलं आणि नाक दाबलं.

"अगं वाल्बी, बुरशी धरायला लागली याला. म्हातारीच्या आधी तिच्या सुतकाचा झगाच कुजायचा."

"राहू दे. वाळेल हळूहळू."

"कधी? पुढच्या सुतकाला?"

त्याच दिवशी संध्याकाळी वाल्बुर्गाला चिठ्ठी आली: नदीकाठी राहायच्या परवान्यावर शिक्का मारायला सोमवारी सकाळी सातला तालुक्याच्या चौकीवर हजर व्हा. साडेपाचची बस. पहाटे बारीक पाऊस होता. निळा एप्रन आत्ता घालू की आल्यावर, असा तिनं दारात उभं राहून क्षणभर विचार केला. भिजेल, चारच्या बसनं आल्यावर घालू. सोमवार काही चारला संपत नाही. हा विचार तिनं पुढे किती वेळा पुन्हा केला असेल, त्याला मोजदाद नाही.

आठ वाजता पाऊस थांबला. ओटिली अंडी द्यायला आली, घर बंद पाहून कोठाराशी गेली. तिनं झग्याला हात लावला, वास घेतला. मग आभाळाकडे पाहिलं. सगळीकडे ढग, उन्हाचा पत्ता नाही, नदीवरून छान वारा सुटलेला. काळ्याला धोका उन्हाचा. ऊनच नाही तर बाहेर घालायला काय हरकत? हिचं काम होईल, आल्यावर खूश होईल. तिनं झगा उचलला, अंगणात नेला आणि जिथे वारा सगळ्यात जास्त लागतो तिथे, दोरीच्या चक्कीकडच्या टोकाला, चार चिमटे लावून टांगला. बाह्याही नीट ताणून दिल्या. मग गुणगुणत शेतावर कामाला निघून गेली.

वाल्बुर्गा दुपारी चारच्या बसनं परतली. वळणावर बस हळू होते आणि तिथून तिचं अंगण दिसतं. आधी तिला वाटलं अंगणात कुणी बाई उभी आहे. मग तिनं झडप पाहिली. सताड उघडी होती.

बस थांबायच्या आत ती दाराशी होती. अठ्ठावन्न वर्षांची बाई बसथांब्यापासून धावत गेली. झगा तिनं चिमट्यांसकट ओढून काढला, एक चिमटा तुटून उडाला. आतून निळा एप्रन आणला, टांगला. तो लोंबत होता नुसता, वारा पडला होता. तिला वाटलं हे पुरं नाही. ज्यानं सकाळी आई मेलेली पाहिली त्याला एक एप्रन दाखवून काय पटणार? ती अंगणाच्या पार कडेला गेली, कुरणाच्या तोंडाशी, आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवू लागली. अकरा वर्षांत वाइडेनफुर्टमध्ये कुणी असे हात हलवले नव्हते. ती हलवत राहिली. चक्कीवर एक स्त्री पोर कडेवर घेऊन बाहेर आली, थबकली आणि एकदम आत पळाली. झडप तशीच उघडी राहिली.

पहाऱ्याच्या मनोऱ्यावरून दोन शिपाई उतरून आले. एक आडदांड, एक कोवळा.

"हाइरिशबाई, हात कुणाला करत होता?" आडदांडानं विचारलं.

"माश्या हाकलत होते."

"दोन्ही हातांनी?"

"दोन होत्या."

कोवळा हसला आणि लगेच गप्प झाला. आडदांडानं दोरीवरचा एप्रन ओढून काढला, घडी केली आणि काखेत मारला. "हा आमच्याकडे राहील. आता आत चला. साहेब येईपर्यंत स्वयंपाकघरातून हलायचं नाही."

"तो एप्रन तेवढा राहू द्या दोरीवर. ओला आहे."

"कोरडा ठणठणीत आहे, बाई."

तिनं त्याचा हात धरला. चाळीस चादरी दर आठवड्याला धुणाऱ्या बाईचा हात, त्याला तो सोडवायला जोर लावावा लागला. "बाबा रे, तासभर. फक्त तासभर लाव तो तिथे. तुझ्या पाया पडते." का, ते तिला सांगता येत नव्हतं. सांगितलं असतं तर ते वाळुंजाखाली बंदुका घेऊन बसले असते. आणि न सांगितलं तर किलियन येणार होता. सगळं आयुष्य तोंड बंद ठेवण्यात हुशार ठरलेली ही बाई त्या वेळी स्वयंपाकघरात बाकावर बसून कुठलं तोंड उघडावं आणि कुठलं मिटावं, हे ठरवू शकली नाही. शिपायानं पडदा ओढून घेतला.

संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली, मग अंधार पडला. कोवळ्या पोरानं तिला पाण्याचा पेला दिला. तिनं तो हातात धरला असतानाच नदीकडून आवाज आला. पेल्यातलं पाणी हललं.

"हरीण असेल," कोवळा म्हणाला. "गेल्या आठवड्यात पण एक गेलं."

वाल्बुर्गानं पेला टेबलावर ठेवला. "नाही," ती म्हणाली, "हरीण नाही."

त्याला पलीकडच्या लोकांनी पाण्यातून काढलं, कारण तो रेघेच्या त्या अंगाला पडला होता. आमच्याकडच्यांनी तिला तीन दिवस बसवून विचारलं की मुलगा परत का येत होता. तिनं माहीत नाही म्हणून सांगितलं, आणि शेवटी चादरी साचल्या म्हणून तिला घरी पाठवलं. शुक्रवारी पलीकडच्या गावात घंटा वाजली. पलीकडचं दफनस्थान टेकडीवर आहे, तिच्या माडीवरून स्वच्छ दिसतं. काळे ठिपके वर चढले, एका जागी थांबले आणि एकेक करून खाली वाकले. किलियनला पहिल्या तीन मुठी कुणी टाकल्या ते तिला एवढ्या लांबून कळलं नाही.

त्या दुपारी लख्ख ऊन होतं. तिनं काळा झगा बादलीत बुडवला, पिळला, अंगणात नेला आणि दोरीवर घातला. तो तिथे महिनाभर राहिला. पावसात भिजला, उन्हात वाळला, तांबूस झाला, मग विटकरी. पाद्रीबाबा एकदा कुंपणाशी आले, झग्याकडे पाहिलं, क्रूसाची खूण केली आणि गेले. आठवडाभर रडून डोळे सुजवून घेतलेल्या ओटिलीला मात्र राहवलं नाही. ती म्हणाली, "अगं, काळं कुणी उन्हात घालतं का? वाट लागली की त्याची."

"लागू दे."

"मी घातला तेव्हा ढग तरी होते बाई. मी बघून घातला होता."

वाल्बुर्गानं तिच्याकडे पाहिलं. तिच्या तोंडाशी काय आलं असेल ते आलं असेल. ती म्हणाली, "हो. ढग होते."

"पण कशाला आला ग तो असा वेड्यासारखा? बायको, पोर टाकून? कशासाठी?"

"कोण जाणे."

पुढची सव्वीस वर्षं दोघी रोज कॉफी प्यायल्या. रविवारी ओटिली कांदा घातलेला पाव भाजायची आणि अर्धा हिच्याकडे आणायची. किलियनचा विषय निघाला की ओटिली हटकून तेच विचारायची, आणि वाल्बुर्गा तेच उत्तर द्यायची. मला विचाराल तर तिच्या आयुष्यातलं सगळ्यात कष्टाचं काम ते होतं. चादरी त्यापुढे काहीच नाहीत. राग तिला येत नसे असं नाही. कधी कधी ओटिली गेल्यावर ती दार लावून घ्यायची आणि तिचा कप इतका घासायची की त्याची फुलं निघून गेली. पण दुसऱ्या दिवशी त्याच कपात तिला कॉफी द्यायची.

एकोणनव्वदच्या नोव्हेंबरात तार कापली. डिसेंबरात आमच्या गावानं आणि पलीकडच्या गावानं मिळून उल्स्टरवर फळ्या टाकल्या, आणि ब्रास बँड वाजला, आणि लोक रस्त्यात एकमेकांना मिठ्या मारून रडले. वाल्बुर्गा चौऱ्याऐंशीची होती. गर्दी ओसरल्यावर ती ओटिलीचा हात धरून पलीकडे गेली. टेकडी चढायला त्यांना तास लागला.

किलियनची बायको हेडविग थडग्याशी वाट पाहत होती. पन्नाशीची, केस पांढरे झालेले. दोघींनी एकमेकींना आयुष्यभर नदीवरून पाहिलं होतं. जवळून हे पहिल्यांदा. वाल्बुर्गानं कोटाच्या खिशातून आपल्या अंगणातली माती काढली. टेकडीवरची जमीन गोठली असेल म्हणून घरूनच आणली होती. एक मूठ, दुसरी, तिसरी. माती थडग्यावरच्या गोठलेल्या पांढऱ्या दवावर पडून राहिली.

हेडविगनं तिचा हात हातात घेतला. "मी तुम्हाला पाहिलं होतं. हात हलवताना. मी धावले, पण तो केव्हाच आमच्या काठच्या झाडीत कुठेतरी जाऊन बसला होता अंधाराची वाट बघत, मला सापडेना. हाका मारल्या असत्या तर शिपायांना कळलं असतं." तिनं श्वास घेतला. "मला एकच विचारायचंय. तो म्हणाला होता, काळा झगा म्हणजे आई गेली. चुकूनही होणार नाही म्हणाला होता. मग तो झगा घातला कुणी?"

ओटिलीनं मान वर केली.

"मीच," वाल्बुर्गा म्हणाली. "कोठारात बुरशी धरत होता. डोकं ठिकाणावर नव्हतं त्या दिवशी."

"अगं पण वाल्बी, त्या दिवशी तू तर चौकीवर—"

"मीच घातला, ओटिली." तिनं ओटिलीचं मनगट दाबून धरलं. "तुला काय माहीत? तू शेतावर होतीस."

हेडविग दोघींकडे पाहत राहिली. मग तिनं आपला हात सोडवून घेतला. "बरं," एवढंच म्हणाली, आणि टेकडी उतरून चक्कीकडे गेली. तिनं त्यांना घरी बोलावलं नाही.

दोघी परत निघाल्या. जन्मभर जिच्या तोंडाला विसावा नव्हता ती ओटिली सबंध टेकडीभर एक शब्द बोलली नाही. फळ्यांच्या मध्यावर, खाली काळं पाणी वाहत होतं तिथे, तिचे पाय थांबले.

"ढग होते ग त्या दिवशी," ती म्हणाली. "मी आभाळ बघून घातला होता."

"हो," वाल्बुर्गा म्हणाली, "ढग होते." तिनं ओटिलीचा हात सोडला नव्हता. "हळू चल. फळी ओली आहे."